नाव टाकलेली गाडी

आई, आमच्याकडे एक गाडी आली आहे, आणि ती पाहून तू पहिला प्रश्न काय विचारला असतास ते मला पक्कं ठाऊक आहे. "इतकी लांबलचक गाडी, अन् दरवाजे दोनच? मंग मांगचे लोक खिडकीतून शिरतात काय वं?" मागचे लोक नसतातच, आई. मागे दोन सीटा आहेत, पण त्यांत फार तर एखादं लेकरू मावेल, नाहीतर माझी पर्स आणि भाजीची पिशवी. बसायला ती इतकी खाली आहे की पाटावर बसल्यासारखं वाटतं, आणि उठताना तुझ्यासारखाच गुडघ्यावर हात ठेवून "बाप्पा रे" म्हणावं लागतं. रंग पांढराशुभ्र. राजूरच्या शाळेत कोळशाच्या धुळीत तू रोज पांढरं पातळ नेसून जायचीस, तसा. गाडीसोबत एक जाडजूड पुस्तक मिळालं. ते मी उन्हात पाय टाकून सगळं वाचून काढलं, कारण यांनी ते कपाटात ठेवलं होतं आणि कपाटातलं काढून वाचायची खोड तुझीच. त्यात लिहिलंय की ही गाडी शर्यतीच्या जातीची आहे, पण रोज चालवायसाठी बनवलेली आहे. लांबच्या प्रवासाला आरामाची, आणि दूध आणायलाही चालेल अशी. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. रोज म्हणजे कोणाचं रोज? ज्यांनी बनवली त्यांचं, की आपलं?

पण तुला आधीचं सांगायला हवं, हे सगळं तू गेल्यानंतरचं. तुझ्या जावयाला मागच्या पावसाळ्यात नागपूरला नेलं आणि त्यांची छाती उघडावी लागली. आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं उघडणारा सर्जन स्वतः टेबलावर झोपला तेव्हा मला म्हणाला, "वाचलो तर ती गाडी घेईन." ती म्हणजे मेडिकलच्या होस्टेलात असताना भिंतीवर जिचं चित्र होतं ती. वाचले. दवाखाना पोराच्या हाती दिला आणि दसऱ्याला नागपूरहून गाडी आणली. वापरलेली, पण नावालाच. आधीच्या मालकाने दाराच्या पट्ट्यांवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढला नव्हता. कळंबला चिंतामणी गणपतीपुढे उभी केली, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि घरी यवतमाळला आणून जे तिच्यावर कव्हर घातलं ते घातलंच. यांचा काही दोष नाही गं. ढाणकीच्या त्या दुकानदाराच्या घरात वाढलेला माणूस. तुला आठवतं ना, आपण मागणीला गेलतो तेव्हा त्यांच्या सोफ्यावर चादर होती, चादरीवर प्लास्टिक, आणि आपल्याला बसायला दिल्या त्या लोखंडी खुर्च्या. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "मानसं चांगले हायेत, पन सगळं ठेवणीत ठेवतात. तुले नाही ठेवलं म्हंजे झालं."

मला नाही ठेवलं. स्वतःला ठेवलं. हेच मला तुला सांगायचंय आणि हेच सांगायला जीभ अडखळते. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज चाला, लोकांत जा, जमेल तशी गाडी चालवा. हे चार दिवस चालले, मग ऊन आहे, मग थंडी आहे, मग धूळ आहे. पोर्चमध्ये आरामखुर्ची टाकून कव्हर घातलेल्या गाडीकडे बघत बसायचे. दुपारी नाडी मोजायची, संध्याकाळी नाडी मोजायची. कोणी भेटायला आलं की "दगदग नको" म्हणून आत निघून जायचे. मी माझ्या जुन्या लहान गाडीने कळंबच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायला जात होते आणि जाताना आरशात मला दोघं दिसायचे, गाडी आणि हे. मला भीती वाटायची, आई. मरायची नाही. असेच बसून राहतील याची भीती.

त्या दिवसांत मला तुझी ती सायकल फार आठवायची. अकरावीला वणीच्या कॉलेजात जायला तू घेऊन दिलेली हिरवी सायकल. नळ्यांभोवती खाकी कागद गुंडाळलेला, सीटवर प्लास्टिक. मी म्हटलं होतं कागद राहू दे, रंग खराब होतो. दोन दिवस मी ती घराबाहेर काढलीच नाही, आणि पायी पायीच राजूरच्या फाट्यापर्यंत जाऊन जीप पकडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू शाळेतून येतेस, पदर खोचतेस, माझा एक हात धरतेस, दुसऱ्या हातात सायकल. वणीच्या बाजारात थेट भांड्यांच्या दुकानात. नावं टाकणारा माणूस एका लग्नाच्या ताटांवर नावं टाकत बसलेला. त्याची ती सुई टर्रर्र करत ठिपक्या ठिपक्यांनी अक्षरं उमटवते आणि दात शिवशिवतात. तू सायकल पुढे केलीस आणि म्हणालीस, "हिच्यावर पोट्टीचं नाव टाका." मी रडायला लागले. नवी कोरी सायकल, आणि तू आपल्या हाताने तिला ओरखडे पाडायला निघालेली. दुकानातली माणसं हसत होती. तू रागावलीस, पण हळू आवाजात, शाळेत रागावायचीस तशी. "बह्याड पोट्टी. भांड्यावर नाव कायले टाकतात, मालूम हाय? ते बाहेर जाव म्हून. लगनात जाईन, शेजारी जाईन, कोनाच्या तेरवीले जाईन, अन् नाव असलं की फिरून घरी येईन. ज्याले नाव नाही त्या भांड्याले बाहेर धाडाचं भेव लागते. मंग ते फळीवरच राह्यते." त्या रात्री मी तुझ्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती सायकल मी इतकी पिदडली की शेवटी तिचा रंग कुठला होता हे त्या नावाजवळच कळायचं.

तर माघात एकदा दुपारी हे झोपले असताना मी कव्हर उचलून गाडीत जाऊन बसले. मला पाहायचं होतं की रोजचं म्हणून त्यांनी आत काय काय केलंय. पाण्याची बाटली ठेवायला जागा आहे. डिकीत माझे उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे सहज मावले, वर पिशवीही मावली. एक बटन असं की दाबलं तर गाडी पुढून नाक वर करते, ब्रेकर ओलांडायला. ते वाचून मला त्या बनवणाऱ्यांबद्दल मायाच वाटली. त्यांच्याकडेही ब्रेकर असतात तर. इतक्यात हे दारात. "काय करून राहिली?" मी म्हटलं, पाहून राहिले. "ओरखडा पडला म्हणजे?" आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. "पडू द्या ना. ही गाडी चालवायले घेतली का नैवेद्य दाखवायले? तिच्यावरही कव्हर अन् तुमच्यावरही. मले नवरा ठेवणीतला नको, रोजचा पाहिजे." दोन दिवस घरात फक्त मिक्सर बोलत होता.

होळीच्या आदल्या दिवशी यांचे ढाणकीचे मोठे भाऊ आले. गाडी पाहायचीच म्हणाले. कव्हर निघालं, हे ऐटीत आत बसले, बटन दाबलं. आतून टिक टिक टिक, आणि मग काहीच नाही. पुन्हा दाबलं. दिव्यांनीही डोळे मिटले. भाऊजी म्हणाले, "एवढी महागाची, अन् उभ्या उभ्याच मेली का रे?" यांचा चेहरा पांढरा झाला. माझा हात आधी त्यांच्या मनगटावर गेला. ते तसेच पोर्चच्या पायरीवर बसले, आणि थोड्या वेळाने हसायला लागले. कितीतरी महिन्यांनी हसले, आई. म्हणाले, "मी पेशंटला काय सांगत होतो जिंदगीभर? टाके ओले आहेत तरी उठा. दुखते तरी चाला. पडून राहाल तर मराल. रागावून सांगत होतो मी." भाऊजींना काही समजलं नाही. मला समजलं. गॅरेजवाल्या भाईंनी उतरलेल्या बॅटरीला वायरी लावून गाडी जागी केली. ती घुरघुरली तेव्हा मी म्हटलं, "धुळवड झाली की दुसऱ्या दिवशी मला कॉलेजात सोडा. पण आधी बाजारात एक काम आहे."

भांड्यांच्या गल्लीत ती गाडी शिरली तेव्हा जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. पुढे एक गाय आडवी, मागे ऑटोवाला हॉर्न वाजवतोय, पोरं मोबाईल काढून उभी, आणि हे घामाने चिंब. मी नाव टाकणाऱ्याला म्हटलं, दादा, हिच्यावर नाव टाकायचंय. त्याला वाटलं मस्करी. दार उघडून दाखवलं, खाली उंबरठ्यासारखी चकचकीत पट्टी असते, तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद मी टर्रकन ओढून काढला. यांच्या तोंडून "अगं" निघालं आणि तिथंच थांबलं. तो माणूस म्हणाला, "नाही जी ताई. पान्याच्या गुंडावर टाकतो, भाजीच्या गंजावर टाकतो. याच्यावर हात थरथरते माह्या." मी यांच्याकडे पाहिलं. मला खरंच ठाऊक नव्हतं हे काय म्हणतील. घरी चला म्हणाले असते तर मी गेले असते, आणि मग परत कधी काही म्हटलं नसतं. हे खाली उतरले. शर्टाचं वरचं बटन काढून त्याला छातीवरचा व्रण दाखवला. "हे पाह्य. मले नागपूरच्या डाक्टरनं करवतीनं कापलं, अन् त्याचा हात नाही थरथरला. म्हून त वाचलो. तू कायले भेतं? टाक."

"कोनाचं नाव टाकू?" त्याने विचारलं. हे म्हणाले, हिचं टाक. मी म्हटलं, नाही, यांचं. काहून ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नाही. तो गुडघे टेकून बसला, टर्रर्र सुरू झालं, आणि माझे दात शिवशिवले. अक्षरं थोडी वाकडी आली. दुकानासमोरची सगळी गल्ली वाकून वाचत होती.

तेव्हापासून आम्ही रोज जातो. कंपनीवाले खोटं बोलत नव्हते, आई. चालते ही रोज. यवतमाळ सोडलं की मोठ्या रस्त्यावर ती अशी पळते की बाजूचे सागवान नुसते हिरवे पट्टे होतात, आणि मग यांना आठवण करून द्यावी लागते की आपण कळंबला चाललो आहोत, दिल्लीला नाही. गुरांच्या कुटाराने भरलेली बैलबंडी समोर आली की तीच गाडी गरीब गाईसारखी मागे मागे चालते. कुटार काचेवर उडतं. शेळ्या तिला अंग घासून जातात. ब्रेकर आला की हे बटन दाबतात, गाडी नाक वर करते, आणि मी दरवेळी हसते. डाव्या बाजूला एक ओरखडा पडलाय, कुठे पडला आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. यांनी तो दोन दिवस बोटाने चाचपला, मग विसरले. डिकीतून आतापर्यंत उत्तरपत्रिका, टरबुजं, विहिणीचे पापड आणि कॉलेजच्या शिपायाच्या पोरीचं शिलाई मशीन एवढं गेलं आहे. मला कॉलेजात सोडलं की हे घरी परतत नाहीत. इतक्या लांब कशाला दोन खेपा, म्हणतात. गाडी मंदिराजवळच्या कडुलिंबाखाली लावतात, आणि वेळ घालवायचा म्हणून चालतात. मंदिर, बाजार, नाल्याच्या पुलापर्यंत, परत. वाटेत चहावाला ओळखीचा झाला, फूलवाली ओळखीची झाली, आता लोक थांबवून रिपोर्ट दाखवतात. नाडी मोजायचं कधी बंद झालं ते मला कळलंही नाही.

आता खरं सांगते. कॉलेजला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आहेत. केव्हाच्याच. मी यांना सांगितलं की जादा तास आहेत. जादा तास नाहीत. मी रोज सकाळी ऊन चढायच्या आधी येते, ऑफिस उघडं असतं, शिपाई मला स्टाफरूमचा पंखा लावून देतो, आणि बाहेर हे चालताहेत म्हणून मी आत बसून राहते. वर्तमानपत्र झालं, शब्दकोडं झालं, वहीवर स्वेटरची नक्षी काढून झाली, आणि आता बाकी कोणाला सांगता येत नाही म्हणून तुला लिहितेय. तू मास्तरीण, खोटं बोलल्यावर अंगठे धरून उभं करायचीस. कर. पण सुट्ट्या संपेपर्यंत थांब.

काल घरी परतताना ब्रेकर आला, बटन दाबलं, ओलांडला. मग हे समोर बघतच म्हणाले, "तुमचा शिपाई चहाच्या टपरीवर भेटला होता. सुट्ट्या लागल्या म्हणत होता." आता पुन्हा ती आरामखुर्ची, असं वाटलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. यवतमाळ जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

मी म्हटलं, रोजच्याच वेळेला. आत्ता ते पुलाच्या बाजूने येताना खिडकीतून दिसताहेत, हातात फुलांची पुडी आहे. हे कागद मी पर्समध्ये घालते. पर्स मागच्या सीटवरच असते, त्या लेकराच्या जागेवर.