समुद्राकडची खोली

५ ऑक्टोबर २००२, खोर फक्कान

आलो बाई एकदाचे. रुवैसच्या कॉलनीत सगळी घरं इतकी एकसारखी, की आपलं दार ओळखू यावं म्हणून मी बाहेर कढीपत्त्याची कुंडी ठेवायचे. इथे एका खिडकीत डोंगर आणि दुसरीत समुद्र. रणजितला बंदराच्या ऑफिसात चांगली नोकरी मिळाली, पर्णिकाला शाळेची बस दारातच. आल्या आल्या दूध उतू घालवलं. शेगडी पुसताना रणजित म्हणाला, शालिनी, नव्या घरात आता जुनं काही काढायचं नाही.

जुनं म्हणजे स्वानंदी. आमची धाकटी. सात वर्षांची असताना रुवैसला तापात गेली. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी घेत नाही. मी मान डोलावली. दूध छान उतू गेलं होतं, वाद कशाला घालायचा.

११ ऑक्टोबर

मला विकाऊ घरं बघायचं वेड आहे. पेपरात जुन्या घराची जाहिरात दिसली, की खिशात दमडी नसताना मी पडद्यांचं कापड ठरवून मोकळी होते. रणजित म्हणतो, मनातले मांडे. स्वतः मात्र दुबई मरीनाच्या टॉवर्सची ब्रोशर उशाशी घेऊन झोपतो, ते चालतं.

आज मात्र खरा मांडा सापडला. जुन्या वस्तीत समुद्रातल्या दगडाची बरीच घरं विकायला काढली आहेत. परदेशी माणसाला इथे घर घेता येत नाही, पण बघायला कोण अडवतंय? समोर खैरुद्दीनभाईंची ग्रोसरी आहे. श्रीवर्धनचे आहेत, मराठी ऐकून इतके खूश झाले की एका घराची किल्लीच हातात दिली. अरबाब, म्हणजे घरमालक, शारजाला राहतो म्हणे, घर पडून आहे, बघा निवांत.

छताला खजुराची खोडं, भिंतीत कोनाडे, मधे अंगण. मी मनात लगेच खोल्या वाटून टाकल्या. समुद्राकडची खोली कुणाची, ते मात्र मनातही म्हटलं नाही.

१८ ऑक्टोबर

आज पुन्हा गेले. समुद्राकडच्या खोलीत उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, ही स्वानंदीची. इतक्या दिवसांनी तिचं नाव तोंडातून निघालं. मग तिथेच बसून पोटभर रडले. खिडकीखाली तिचा पलंग, कोनाड्यात तिची पुस्तकं, सगळं तिला सांगून टाकलं. घरी आले तेव्हा फार हलकं वाटत होतं. रणजित म्हणाला, या गावाची हवा तुला मानवलेली दिसते.

आई म्हणायची, घरात बोलताना जपून बोलावं, वास्तू तथास्तु म्हणत असते. उगाच आठवलं.

२५ ऑक्टोबर

समुद्राकडच्या खिडकीत खजुराच्या बिया होत्या, ओळीने मांडलेल्या. स्वानंदी अशाच मांडायची. वाळल्या की भारतात नेऊन लावणार होती. कुणा पोराने टाकल्या असतील म्हणून खैरुद्दीनभाईंना विचारलं. ते म्हणाले, किल्ली तर तुमच्याकडेच आहे, आत कोण जाणार?

परत जाऊन बियांना हात लावला. ओल्या होत्या, आत्ताच कुणी चोखून ठेवल्यासारख्या.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी भिंतीला गाल लावला आणि म्हटलं, आता आपण चौघं इथेच राहू. कायमचे.

३० ऑक्टोबर

नाश्त्याला पर्णिकाने विचारलं, ममा, व्हेन आर वी शिफ्टिंग? मी म्हटलं, कुठे? तर खजुराच्या खोडांचं छत, अंगण, सगळं सांगितलं. तिला ते घर मी दाखवलेलं नाही. त्याबद्दल घरी अवाक्षर काढलेलं नाही. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, शी डिड. आणि दप्तर घेऊन निघून गेली.

३ नोव्हेंबर

पर्णिकाला ताप. मान दुखते म्हणते. स्वानंदीचीही आधी मानच दुखली होती. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. रणजितचंही अंग कोमट लागतंय. तो हसण्यावारी नेतो.

चौघं म्हटलं मी. चौघं, कायमचे. गेलेलं माणूस इकडे येत नाही. मग चौघं एकत्र व्हायला तिघांनी —

मी काय बोलून बसले.

५ नोव्हेंबर

जाऊन सांगायचं ठरवलं होतं की हे तुझं घर नाही, जा. आपण कुणाला दारातूनसुद्धा जा म्हणत नाही. पोटच्या पोरीला कसं म्हणू? नाही म्हणता आलं. खिडकीत आणखी बिया होत्या.

मग म्हटलं, त्या दोघांना सोड. मी राहते.

घरी आले तर पर्णिका उठून बसलेली, नूडल्स मागत होती. ताप उतरलेला. रणजित म्हणाला, बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

७ नोव्हेंबर

पर्णिकाच्या केसांना तेल लावून दिलं. नको म्हणत होती, तरी. रणजितला आवडते तशी आमटी करून ठेवली. निघताना म्हटलं, भाजी आणायला जाते. येते म्हणायचं असतं. नाही म्हटलं.

दुपार

इथे तोंड उघडायचं नाही, म्हणून लिहिते आहे. रोजनिशी तेवढी बरोबर आणली.

आली आहे. माझ्या मांडीवर आहे. वजन तेवढंच. केसांना समुद्राचा वास. वाईट नाहीये ती — नुसती एकटी होती, एवढंच.

सारखं विचारते, पप्पा आणि ताई कधी येणार. मी उत्तर देत नाही. जे बोलेन ते होईल. नुसती थोपटते.

बाहेर पर्णिकाचा आवाज. खैरुद्दीनभाईंनी सांगितलं असणार. दार वाजवते आहे — ममा? आर यू इन देअर? कॅन आय कम इन?

नको गं. घरी जा. — मनातल्या मनात म्हणते, तोंडावर हात दाबला आहे. ये म्हणायची सवय जिभेला. नाही बोलणार. काही झालं तरी नाही —

स्वानंदी मांडीवरून उठली. ताईचा आवाज ओळखला तिने. केवढी हसली.

मी माझीच जीभ सांभाळत बसले. घर तिचंही आहे. मीच दिलं. तिचा शब्दही —

दाराकडे तोंड करून म्हणते आहे, ये गं ता