तोटा सगुणाबाईंचा

९ जून

आबासाहेब माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात आले. जिंतूर रोडची डाळमिल कागदावर बायकोच्या, सगुणाबाईंच्या नावावर. गल्ल्यावर मात्र हेच बसतात. यंदा नफा घसघशीत. कराचा अंदाज सांगितला, तर घाम पुसायला लागले.

“सुकेशनीताई, मागल्या साली लय तोटा झालता की! तो यातून वजा करा.”

होतो वजा. पण तोट्याचं विवरणपत्र त्या वर्षी मुदतीत भरलेलं असेल तरच. आणि यांनीच मला बजावलं होतं — “भरू नका! आमच्या पोराची, जीवनची सोयरीक चाललीय. मिल तोट्यात हाय कळालं तर पोरगी कोण दील?”

नियम ऐकून पुन्हा घाम पुसला. मी चेहरा कोरा ठेवला.

त्यांना ठाऊक नाही ते असं — मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगुणाबाई एकट्या आल्या होत्या. ओटीपीसाठी मोबाईल टेबलावर ठेवून म्हणाल्या, “मिल माझी ना? मंग तोटाबी माझाच. भर.” विवरणपत्र भरलं.

१० जून

सगुणाबाईंना फोन केला. पोटभर हसल्या. “मालकाला सांगू नको. तळमळू दे जरा.”

करदात्या त्या. त्यांची माहिती त्यांच्या परवानगीशिवाय नवऱ्यालाही द्यायची नाही. नियम म्हणजे नियम! इतक्या आनंदाने तो कधी पाळला नव्हता.

१३ जून

आबासाहेब पुन्हा. “मागली तारीख टाकून जमंल का?”

“नाही.”

“लय कडक हाव बगा तुमी!”

चहा मागवला. त्यांनी अर्धा ठेवला.

१६ जून

आज दोघं. सगुणाबाईंनी बसता बसताच विचारलं, “तोटा कामी आला, तर गल्ल्यावर मी बसू?”

“बस की! येतोय कुठं कामी?”

“सुकेशनी, ऐकलंस ना? दाव आता.”

मी स्क्रीन वळवली. मागल्या सालच्या विवरणपत्राची पोच — सगुणाबाईंच्या नावाची, मुदतीतली. आबासाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“मला न सांगता?”

“तुमी तोटा लपवला. झाली का सोयरीक?”

“...न्हाई.”

मी प्रिंटरकडे गेले. कागद संपलेला नव्हता. हसू आवरत नव्हतं.

२ जुलै

आबासाहेबांचा फोन. आवाज बारीक. “मालक इचारायल्यात — मला पगार देला तर मिलच्या खर्चात धरता येतो का?”

“येतो. पण कामाच्या मानाने वाजवी हवा.”

मागून सगुणाबाई — “मंग थोडाच धर!”