नर्मदेची भरती

२ फेब्रुवारी, रविवार
बोटवाल्यांसाठी नकाशाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ओपन-सोर्स. आपल्या किनाऱ्याचे भरती-ओहोटीचे आकडे कोणीही पाठवावेत. आपलं नर्मदेचं धरणामागचं बॅकवॉटर त्यात कोरं! अक्कलकुव्यात कॉम्प्युटर क्लासवाला मीच. (क्लास सध्या बंद. पोरांच्या परीक्षा.) म्हणजे हे काम माझंच. मयूरीने विचारलं, तुम्ही समुद्र दखेल शे का? समुद्र न बघताही विज्ञान कळतं, पण बायकोला काय सांगणार!

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ९
परवा बाईकने काठावर आलो. मुक्काम बोटवाल्या बाज्याकडे. त्याने पाण्यात खाचा पाडलेला बांबू रोवलाय. गावठी, पण चालेल. काल सकाळी पाणी सातव्या खाचेवर, संध्याकाळी सहाव्या. आज परत सातव्या! अंगावर काटा आला. मध्ये अख्खं धरण, तरी भरती! नर्मदा समुद्राला मिळते, मग समुद्राने का नर्मदेला मिळू नये? बाज्या बांबूकडे हात करून बरंच काही सांगत होता. त्याची बोली पावरी, माझी मराठी. मान हलवली आणि निघालो.

९ फेब्रुवारी
फॉर्मला तीस दिवसांची मोजणी हवी. माझ्याकडे दोनच. उरलेली अठ्ठावीस मागच्या तारखा टाकून घरीच भरली. निसर्ग नियमाने चालतो, पेट्रोल कशाला जाळा? शनिवारी जाऊन पडताळणार. नक्की.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कंबर धरली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
तळोद्याला लग्न. जिलबी बरी होती.

२८ फेब्रुवारी
सॉफ्टवेअरच्या कोणा परदेशी तपासनिसाने विचारलंय, आकडे स्वतः मोजलेत का? जळतात लेकाचे. हो म्हणून कळवलं.

४ मार्च
मंजूर!! वर्षभराचं टाइमटेबल तयार. रोज सकाळी नऊला पूर्ण भरती. खाली माझं नाव. लॅमिनेशन करून काठावरच्या आरोग्य उपकेंद्रात नेऊन दिलं. योगिता सिस्टरने लगेच भिंतीवर लावलं. म्हणाल्या, बरं झालं सर, बाज्याच्या सुनेचे दिवस भरत आलेत, तिला बोटीनेच न्यावं लागेल. मला पाणी बघायला वेळ नव्हता.

१८ मार्च
सिस्टरचा फोन. रविवारी सकाळी सुनेला, फुलवंताला, कळा सुरू झाल्या. बाज्या म्हणत होता, बोट जाते त्या नाल्यात पाणी नाही, झोळीत घालून डोंगरावरून नेऊ. सिस्टरने माझ्या टाइमटेबलवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. बोट नाल्याच्या तोंडाशी चिखलात रुतली. भरती येईल, येईल म्हणत चार तास तिथेच. बाळ बोटीतच गेलं. फुलवंता तळोद्याला दवाखान्यात. वाचेल म्हणतात.
वारा उलटा असणार. नाहीतर सिस्टरने टेबल नीट वाचलं नसणार. रविवारचा रकाना बारीक छापलाय खरा. जेवण गेलं नाही.

२० मार्च
भेटायला गेलो. (पडताळणीही होईल म्हटलं.) बाज्या रडला नाही. त्याने मला हाताला धरून काठावर नेलं. फेब्रुवारीत मी उभा होतो त्या जागेपासून पाणी पन्नास पावलं मागे. सहाव्या खाचेपर्यंत भिजलेला बांबू त्याने उपटला, पुढे गेला आणि सातव्या खाचेपर्यंत पाण्यात रोवला. सोबत आलेल्या सिस्टरने त्याचं बोलणं मराठीत सांगितलं. पाणी रोज उतरतं. दिवसभरात किती उतरलं ते कळावं म्हणून तो रोज सकाळी बांबू असा पुढे रोवतो. त्या दिवशी हेच सांगत होता. सरांनी मान हलवली, तेव्हा त्याला वाटलं, सरांना कळलं.
पाणी एकदाही वर आलं नव्हतं. मी तिथेच ओकलो. बाज्यादादाने तोंड धुवायला तांब्या दिला. सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या.

२१ मार्च
मयूरीला सगळं सांगितलं.
टेबल काढून टाकायची विनंती भरली. फॉर्म कारण विचारतो. 'साधन सदोष' लिहिलं. बांबू आठवला. खोडलं. 'मी मोजलंच नव्हतं' लिहिलं.

२३ मार्च, सकाळी ९
उत्तर आलं. विनंती मिळाली, आभारी आहोत, बदल पुढच्या आवृत्तीत होईल. पुढची आवृत्ती सप्टेंबरात.
तोवर नर्मदेला रोज या वेळी पूर्ण भरती. खाली माझं नाव.