टिंबूचं पहिलं चाटण

४ मार्च

प्रिय मुंगीस,
स. न. वि. वि.

वसतिगृहाचं जेवणघर आठवतं? संध्याकाळी सिस्टर मोठ्या पातेल्यातून पत्र्याच्या मगात दूध ओतायच्या. मला साय बघूनच मळमळायचं आणि तू टेबलाखालून आपला मग पुढे करायचीस. एकदा माझी साय तुझ्या मगाऐवजी सिस्टरच्या बुटावर पडली आणि आपण दोघी प्रार्थना संपेपर्यंत हसत राहिलो. बाकी त्या संध्याकाळी काहीच घडलं नव्हतं. पण परवापासून तीच डोळ्यांपुढे आहे, कारण त्या दोन वेण्यांच्या पोरी आज्या झाल्या! आणि त्याही एकाच नातीच्या!

बातमी तुला तुझ्या लेकाने कळवली असेलच, तरी मला ती माझ्या हाताने लिहायची होती. मुलगी झाली, विहीणबाई! माझी लेक सुखरूप आहे. फोटो पाहिला. केस काळेभोर, नाक तुझं, म्हणजे बसकं. (तक्रार नाही.) एवढीशी आहे म्हणून जावयांनी तिला टिंबू म्हणायला सुरुवातही केली.

मी मात्र इथे अडकले. दुकानात वरच्या फळीवरचा तागा काढताना स्टुलावरून घसरले ते तुला ठाऊकच आहे. पाय प्लास्टरमध्ये, शिलाई मशीन मुकं, म्हणून झबली हातानेच शिवते आहे. तू लेकीजवळ जाणार आहेस, एवढ्यावर माझा जीव थाऱ्यावर आहे.

माया आहे तेवढीच राहू दे, जास्त झेपायची नाही.
तुझी,
लांबी


७ मार्च

प्रिय लांबीस,
स. न. वि. वि.

अगं, मी मधपेट्यांच्या मधोमध नाचले! कामावरच्या बाईला वाटलं मला माश्या चावल्या. ती धुराचं भांडं घेऊन धावत आली आणि मग तीही नाचली.

नाकाबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. त्याच नाकाने मी मध वासावरून ओळखते.

आता महत्त्वाचं. आमच्या घरात बाळाचं पहिलं चाटण आजीच्या हातचं असतं, त्या हंगामातल्या पहिल्या मधाचं. माझ्या सासूबाईंनी तुझ्या जावयाला दिलं, त्यांच्या सासूबाईंनी त्यांच्या मुलाला. सासूबाई जाताना मला म्हणाल्या होत्या, आता पुढची पाळी तुझी. तेव्हापासून मी वाट बघते आहे, लांबे! पेटीतल्या पहिल्या चौकटीतला मध वेगळा काढून ठेवलाय, सोन्यासारखा. इथलं आवरलं की बरणी घेऊन निघतेच. लेकीला म्हणावं, दूध कमी वाटलं तर घाबरू नकोस, रोज बोटभर मध दिला की बाळ कसं बाळसं धरतं बघ.

राग आला तरी लोभ सोडू नकोस.
तुझी,
मुंगी


१० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

टिंबू मांडीवर झोपली आहे, म्हणून अक्षर वाकडं.

आई, ती फार गोड आहे गं! जांभई देते तेव्हा आम्ही दोघं कामं टाकून बघत बसतो. पण वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमीच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला थोडं उतरतंच, आता मात्र चढायला हवं. मागेल तेव्हा पाज, दुसरं काही देऊ नकोस, असं बजावलंय. नर्सने कसं धरायचं तेही दाखवलं.

घरी आलं की मात्र प्रत्येकाचा इलाज निराळा. वरच्या मजल्यावरच्या काकू दूरच्या मुलखातल्या. त्या म्हणतात, त्यांच्याकडे बाळाला साखरपाणी देतात. यांच्या ऑफिसातल्या एक बाई म्हणाल्या, पहिलं पिवळं दूध टाकून द्यायला हवं होतं, तू पाजलंस म्हणूनच हे असं. डॉक्टरीणबाईंनी तर त्याच दुधासाठी माझी पाठ थोपटली होती! मी सगळ्यांचं ऐकून घेते, चहा करते, दार लावते आणि रडते.

आणि आता मावशींचा मध. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांनी पेनच खाली ठेवलं. वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही म्हणाल्या. आता हे मावशींना कोण सांगणार? हे म्हणतात तू सांग, मी म्हणते तुम्ही सांगा. शेवटी दोघांचं तुझ्या नावावर एकमत झालं.

तुझी,
लेक


१२ मार्च

प्रिय मुंगीस,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहायचं म्हणून सकाळपासून दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावत बसले होते. ती संपली. आता लिहायलाच हवं.

टिंबूला मध देऊ नये असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तुझ्या मधात खोट काढणारा अजून जन्मायचाय. पण मधात कधी कधी एक जंतू असतो. आपल्याला त्याने काही होत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र तो वाढला तर बाळ लुळं पडतं. क्वचित होतं, पण होतं. मध किती शुद्ध आणि कोणाच्या हातचा, याने त्यात फरक पडत नाही.

तू किती वर्षं वाट पाहिलीस ते मला माहीत आहे. म्हणूनच ही बातमी दुसऱ्या कोणाकडून तुला कळू नये असं वाटलं. बरणी ठेव घरी. तू मात्र लवकर नीघ.

रागावलीस तर मोठ्या अक्षरात रागाव, चष्मा जुना झालाय.
तुझी,
लांबी


१५ मार्च

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

पत्र पावलं. आमच्या घरातली सगळी मुलं मध चाटूनच वाढली. त्यांतला एक आपला जावई आहे. तो लुळा पडल्याचं निदान ताटावर बसल्यावर तरी दिसत नाही.

इथे मध काढायचं काम फार आहे. येणं जमेलसं वाटत नाही.

कळावे, लोभ असावा.
आपली विहीण


१७ मार्च

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

सासूबाई म्हणायला जीभ अजून वळत नाही, माफ करा.

तुम्ही येत नाही हे तुमच्या लेकाकडून कळलं. मावशी, मध नको हे माझं म्हणणं आहे, आईचं नाही. तिने फक्त माझा निरोप पोचवला. राग माझ्यावर काढा, पण इथे येऊन काढा.

आज वजन केलं. चढलंय, पण पुरेसं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, दूध आहे, फक्त आईला खायला, निजायला आणि निवांत पाजायला मिळायला हवं. इथे माणसं येतात, मी बाळाला खाली ठेवून त्यांची सरबराई करते, आणि ती रडली की तीच माणसं म्हणतात, पोर उपाशी आहे. वरच्या काकू साखरपाण्याची बाटली घेऊन येणार आहेत. दोनदा मी त्यांना टाळलं. या वेळी माझ्याच्याने नाही म्हणवणार नाही. कधी कधी वाटतं, सगळे म्हणतात तेच खरं असेल, माझ्याचकडून होत नसेल.

मला नाही म्हणणारं माणूस हवंय. मला मध नको मावशी, तुम्ही हव्यात.

तुमचीच,
पोर


२४ मार्च

प्रिय लांबीस,
स. न. वि. वि. आणि तुझ्या पायालाही नमस्कार.

भरलं गं, वजन भरलं! जन्माच्या वजनाच्या पुढे गेली आपली टिंबू! काटा थांबला तशी मी डॉक्टरीणबाईंना मिठी मारली. त्यांचा चष्मा माझ्या अंबाड्यात अडकला. नर्सने सोडवला.

आता सगळं सांगते. तुझं पत्र वाचून मी संतापले होते. इतकी वर्षं दाराशी उभं राहायचं आणि आपली पाळी आली की दार लावून घ्यायचं, असं वाटलं. मग पोरीचं पत्र आलं. ते खिशात घालून पेट्यांकडे गेले. रागात पेटी उघडू नये असं मीच सगळ्यांना शिकवते. उघडली, आणि हनुवटीवर डंख खाल्ला. पण चौकट हातात होती. पाहते तर नुकत्याच अंड्यांतून निघालेल्या अळ्या पांढऱ्या दुधात पहुडलेल्या. दाई माश्या ते स्वतःच्या अंगातून काढून त्यांना पाजतात. शेजारच्याच घरांत मध काठोकाठ भरलेला, पण त्या वयाच्या अळीला त्यातला थेंब मिळत नाही. तो पुढे, जरा वाढल्यावर. हे मी किती वेळा पाहिलंय, लोकांना दाखवलंय! त्या दिवशी माझ्याच माश्यांनी मला बजावलं. सुजलेली हनुवटी घेऊन उभ्या उभ्या हसले आणि मिळेल ती बस धरली. बरणी घरीच.

पोचले तर काकू बाटली घेऊन खोलीत, आणि आपली पोर भिंतीकडे तोंड करून. मी बाटली हातात घेतली, आभार मानले, झाकण काढलं आणि साखरपाणी स्वतःच पिऊन टाकलं. प्रवासाने घसा सुकलाच होता. काकू इतक्या हसल्या की खुर्ची धरावी लागली. नंतर हळूच म्हणाल्या, त्यांच्या वेळी बाळंतिणीला कोणी बसूच देत नसे, कामावर जाताना बाळाच्या तोंडात काहीतरी घालायलाच लागायचं. मी म्हटलं, तुमचा जीव आहे ना पोरीवर, मग बाळाला नको, आईला खाऊ घाला. तेव्हापासून रोज दुपारी गरम सूपचं भांडं खाली येतं.

मी दाराशी खुर्ची टाकून बसते. येईल त्याला चहा मी देते, सल्लाही मीच ऐकून घेते, आत काही जाऊ देत नाही. आत पोर निजते, उठते, पाजते. काल टिंबू पिऊन झाल्यावर हनुवटीवर दुधाचा ओघळ घेऊन झोपली. पोर मला म्हणाली, मावशी, माझ्याकडून होतंय! आम्ही दोघी रडलो. तुझा जावई घाबरून डॉक्टरांना फोन करायला निघाला होता, त्याला हाताला धरून बसवलं.

माझी पाळी पुढच्या मार्चला. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलंय. आणि पंधरा तारखेचं माझं पत्र फाडून टाक. तुला विहीणबाई म्हणताना माझाच हात अवघडला होता.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस, मध होतो तेवढा पुरे.
तुझी,
मुंगी

ता. क. कामावरची बाई या हंगामाच्या बरण्या तुझ्या दुकानात आणून ठेवेल. प्लास्टर निघालं की तू इकडे येशीलच, तेव्हा घेऊन ये. एक डॉक्टरीणबाईंना, चष्म्याची भरपाई म्हणून. एक नर्सला. वरच्या काकूंना दोन, त्यांनी सूप पाजलं म्हणून एक आणि माझं ऐकलं म्हणून एक. ऑफिसातल्या त्या बाईंना छोटी, पण द्यायची. तुझ्या जावयाला काही नको, तो दुसऱ्यांच्या बरण्या उघडतो. तुला हवी ती घे, विचारू नकोस. पहिल्या चौकटीची मोठी बरणी आपल्या पोरीला, पावाला लावून भरपूर खाऊ दे. टिंबूसाठी काही आणू नकोस. तिचं सगळं तिच्या आईकडे आहे.