पाटीवर थबकलेला पाय

नागासाकी, बुंका शक ३, दुसरा महिना

ती. कानबेईदादांच्या पायांशी सेइसुकेचा सा. न. वि. वि.

तुमचा माणूस दाराशी थांबला आहे म्हणून मोकळेपणाने लिहितो. वाचून झाले की चुलीत घाला. वादळात गलबत भरकटले, रशियाच्या किनाऱ्याला लागले, हे अधिकाऱ्यांना इतक्यांदा सांगितले की आता मलाच खोटे वाटते. देशाबाहेर पाऊल टाकणे गुन्हा. ते समुद्राने टाकायला लावले तरी गुन्हाच. चौकशी संपत आली होती. शेवटी ख्रिस्ती लोकांची देवमाय कोरलेली पितळेची पाटी जमिनीवर मांडली. ख्रिस्ती नाही हे दाखवायला ती तुडवायची. माझा पाय वरच राहिला, क्षणभर. तेवढे पुरले. पुन्हा कोठडी, पुन्हा पहिल्यापासून प्रश्न. माझ्या बायकोला, नुईला, काय सांगायचे ते तुम्हीच बघा. दमलो आहे.

लोभ असेल तेवढा असू द्यावा.
सेइसुके

ओसाका, चौथा महिना

चि. सेइसुके यास अ. उ. आ.

तू मेलास असे धरून तुझ्या नावाचा दगड मी गावी उभारला. पाथरवट तो परत घेत नाही. नुई म्हणते, दगड चुकला, नवरा नाही. तिला मागण्या आल्या, तिने सगळ्या परतवल्या. मी सुक्या मासळीचा व्यापारी, मला कोण काय सांगणार? म्हणून चहाच्या दुकानात नागासाकीहून आलेल्या सरकारी कारकुनांच्या पाठीला पाठ लावून बसलो. पाटी अजून एकदाच मांडतील म्हणे. पाय थबकला तर माणूस घरी जात नाही. अरे बाबा, पितळ आहे ते. तिथली शेंबडी पोरेसुद्धा दर नववर्षाला तुडवतात आणि भाताचे मोची-लाडू खायला पळतात. तू काही ख्रिस्ती नाहीस. मग अडले कुठे, तेवढे लिही.

नुईचा जीव टांगणीला आहे, माझाही.
कानबेई

नागासाकी, सहावा महिना

ती. दादांस सा. न. वि. वि.

विचारलेत म्हणून लिहितो. तिकडे पहिल्याच हिवाळ्यात माझे पाय बर्फाने काळे पडले. कापायचे ठरले होते. एका विधवा बाईने कापू दिले नाहीत, मांडीवर घेऊन चोळत बसली. तिच्या घरातल्या भट्टीवर तसबीर होती, पाटीवरचीच माय, कडेवर मूल घेतलेली. मी कधी हात जोडले नाहीत. पण हे पाय त्या बाईने राखलेले, दादा.

काल पाटी मांडली. थबकलो नाही. दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो, अधिकारी पुरे म्हणेपर्यंत.

सुटलो. लिहून दिले आहे: गाव सोडणार नाही, होडीत बसणार नाही, तिकडचे अवाक्षर कुणापाशी काढणार नाही. नुई माझे पाय बघेल आणि विचारेल, कसे वाचले. तुम्ही बोलण्यात पटाईत. मी पोचेपर्यंत काहीतरी रचून ठेवा, मी पाठ करीन.

आजवर केलेत तसेच सांभाळून घ्यावे.
सेइसुके