पट्ट्यांवरचं काजळ

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग शिळा झालेला नाही. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला कानस लावू नये, एवढी साधी रीत रिसोडच्या सोनाराला ठाऊक नसावी? गिटार माझी होती. कॉन्व्हेंटात मला वाजवायला शिकवणाऱ्या सिस्टर तापाने गेल्या, आणि जाताना ती मला देऊन गेल्या. तारांखालच्या पितळी पट्ट्यांना त्यांच्या बोटांनी बारीक खड्डे पडले होते. तिथे तार झणझणायची, हे मान्य. पण एका खड्ड्यावर बोट ठेवलं की ते आपोआप पुढच्यात जायचं, तिथून त्याच्या पुढच्यात, आणि त्यांची ती संथ प्रार्थना वाजायची. मी वाजवत नसे. माझ्याकडून वाजवून घेतलं जाई. मला त्याची भीती नव्हती. सोबत वाटे.

भीती आईला. ती भर दुपारी दुकानात येते, हात पिठाने माखलेले. "अवो, पोरगी विहिरीवर हाय, अन् ते खुंटीवर वाजून राह्यलं!" तुम्ही वर न बघता म्हणता, "उन्हानं तार ताणली असन. तुले तं मांजर शिंकलं तरी भूत दिसते." पण मी घागर ठेवून येते, तर गिटार तुमच्या मांडीवर, तारा उतरवलेल्या. मी म्हटलं, "राहू द्या, तो सिस्टरांचा हात आहे." तुम्ही म्हणालात, "मेल्या मानसाच्या खड्ड्यात बोट घालशीन तं सूर कसा लागन?"

मग तुम्ही सगळ्या पट्ट्यांच्या माथ्यावर काजळ लावलं आणि सपाट कानस या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. उंच भाग चकाकले. खोल होतं तिथे काजळ तसंच राहिलं. सगळं पितळ उजळलं, तरी त्यांच्या बोटांचे काळे ठिपके उरलेच, टक लावून बघितल्यासारखे. तुम्ही घासत राहिलात. शेवटचा ठिपका गेला, आणि तुम्ही गुणगुणायला लागलात. तीच प्रार्थना, मधल्या श्वासासकट. ज्यांना साध्या आरतीची चाल धरता येत नव्हती, ते तुम्ही! आई दारातच खाली बसली. मी विचारलं, "बाबा, हे कुठे ऐकलं?" "काय? म्या कुठं गाऊन राह्यलो?" आणि बारीक कानशीने एकेक पट्टी गोल करताना, कापडाने उजळताना, तेच पुन्हा सुरू.

हात तुमचा चांगलाच होता, तेही सांगते. गिटार लोण्यासारखी झाली. तिच्यावर मी निवृत्त होईपर्यंत मुलींना शिकवलं, एक सूर कधी झणझणला नाही. पण ती चाल माझ्या बोटांना पुन्हा सापडली नाही. तुम्ही मात्र अंगठ्या घासताना ती गुणगुणायचात आणि मी जवळ आले की थांबायचात. शेवटच्या दुखण्यात तुम्हाला माझं नाव आठवत नव्हतं. चाल आठवत होती.

हे पत्र टाकणार कुठे? तुम्ही आहात तिथे टपाल जात असतं, तर आधी सिस्टरांनाच लिहिलं असतं आणि जाब विचारला असता. लोकांना मी सांगते की मला राग कानशीचा आहे. तसं नाही, बाबा. त्यांची लाडकी मी होते, आणि त्या तुमच्याकडे गेल्या.