आईचा विस्तव

बर्मिंगहॅम, नोव्हेंबर १९६१

फिंटन, रागावले असले तरी थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे.

मी ठणठणीत आहे. हॉस्पिटलच्या धुलाईघरात उबेला तोटा नाही, तेव्हा खोकल्याची चौकशी पुन्हा नको.

तुझं पत्र वाचून डोकं सणकलं. नवं घर झालं, विजेची शेगडी आली, छान. पण जुनं घर सोडताना चुलीतला निखारा बरोबर नेला नाहीस? 'राख झाडून टाकली' हे लिहायला हात तरी कसा धजावला?

आजीच्या आधीपासून ती चूल विझली नव्हती. आई रोज रात्री निखारे राखेखाली झाकायची, राखेवर बोटाने क्रूस काढायची आणि आपल्यावर खेकसायची, "फुंकू नका रे मेल्यांनो, झोपू दे त्याला!" बाबा गेले त्या रात्रीही तिने आधी विस्तव झाकला, मग रडली. आणि तुला निखाऱ्यांची एक बादली उचलून शेत ओलांडता आलं नाही!

पोरं नव्या घरात गारठत नाहीत ना?

आता ऐक. डेलिया आत्या लग्न होऊन टेकडीपलीकडे गेली, ती आपल्याच चुलीतला विस्तव घेऊन. तिच्याकडे तो अजून जिवंत आहे. कुंपणावरून भांडून तू तिच्याशी बोलत नाहीस, ठाऊक आहे मला. नाक मुठीत धरून जा, निखारा मागून आण आणि नव्या घरात शेगडीशेजारी चूल पेटव.

नाताळला बोटीने आयर्लंडला येतेय. वळणावरून तुझ्या धुराड्यातून धूर दिसला नाही, तर तुझ्या दारात थांबणार नाही. तशीच पुढे आत्याकडे जाईन, आईच्या विस्तवाशी बसायला.

तुझ्यावर चिडलेली,
नोनी